चार महिने गोळ्या खाऊनही रक्त का वाढेना?

केजकडच्या एका ताईंनी विचारलंय. वय ३६, दोन लेकरं, माळकरी घर, घरची चार एकर शेती. गावातल्या शिबिरात हिमोग्लोबिन ८.६ निघालं. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या चार महिने रोज घेतल्या, परवा तालुक्याच्या लॅबमध्ये ९.१ आलं. थकवा तसाच आहे. केस गळतात, जिभेची आग होते, रात्री पायाला मुंग्या येतात. बीट, डाळिंब, गूळ, खजूर सगळं चालू आहे. मेडिकलवाल्याने मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम आणि ‘डी’ची पुडी दिलीय, त्यात महिन्याला सात-आठशे रुपये जातात. त्यांना हवंय ते एवढंच: “यातलं नेमकं कोणतं घेऊ, का याहून भारी एखादं टॉनिक आहे?” सोबत रिपोर्टचा फोटो आहे, त्यात एमसीव्ही ८६ आणि आरडीडब्ल्यू १९.५ आहे.

ताई, टॉनिकचं नाव सांगायला मला अर्धं मिनिट लागेल. पण तुमचं घोडं टॉनिकापाशी अडलेलं नाही. त्या लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असतं. ती रोज पोटात जात असेल तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एकाने तरी चढायला हवं. तुमचं चार महिन्यांत अर्ध्याने चढलं, आणि खरं सांगायचं तर तेवढंही चढलं की नाही याची मला शंका आहे. शिबिरात बोट टोचून छोट्या यंत्रावर घेतलेला आकडा आणि लॅबमध्ये शिरेतून घेतलेला आकडा यांत एवढा फरक सहज पडतो. म्हणजे चार महिन्यांत तुम्ही होतात तिथंच आहात. अशा वेळी गोळी बदलत बसण्यापेक्षा विचारायचं असतं की दिलेलं जातंय कुठं.

मी तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा खाली लिहिते त्यातलं बरंच ‘बहुतेक’ या खात्यातलं आहे. तुम्ही सध्या गरोदर आहात का, थायरॉइड आहे का, मूळव्याध आहे का, रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेता का, यातलं काहीच पत्रात नाही. प्रत्येकाने उत्तर बदलतं. पण बावीस वर्षं याच भागात बायकांची रक्तं तपासतेय, त्यावरून अंदाज बांधते.

आधी माझीच एक चूक सांगते. नवीन होते, आरोग्य केंद्रात नेमणूक होती. ऊसतोडीला जाणारी एक बाई दर उन्हाळ्यात कारखान्याहून परतली की यायची. हिमोग्लोबिन सात-साडेसात. मी गोळ्या लिहून द्यायची, तीन महिन्यांनी आकडा तोच. एकदा मी चिडले, म्हटलं तुम्ही गोळ्या घेतच नाही, डब्यात ठेवता. ती शांतपणे म्हणाली, “बाई, म्या कशाला खोटं बोलू? रोज काळं व्हतंय की.” मी वरमले. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, त्याहून मोठा पुरावा कोणता? तरी पुढचा प्रश्न विचारायला मला आणखी एक वर्ष लागलं. पाळी किती दिवस चालते, दिवसाला किती कपडे लागतात? आठ-नऊ दिवस, दिवसाला सहा-सात. गर्भाशयात लिंबाएवढी गाठ होती. मी वरून ओतत होते आणि रांजण खालून फुटका होता.

म्हणून माझी पहिली शंका पाळीची. तुमच्या एवढ्या सविस्तर पत्रात पाळीबद्दल एक ओळ नाही. हे नेहमीचंच आहे. केस गळतात हे बायका सांगतात, रात्री दोनदा उठून पॅड बदलावं लागतं हे ‘आपलं असतंच’ म्हणून सोडून देतात.

याचा हिशेब एकदा मांडून बघा. रक्ताच्या एका मिलिलिटरात साधारण ०.४ मिलीग्रॅम लोह. पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं की ते जास्त धरतात. समजा एखादीचं १०० मिलिलिटर जातं, चहाचा एक लहान कप. म्हणजे महिन्याला ४० मिलीग्रॅम लोह गेलं, दिवसाला १.३. शिवाय कातडी, आतडं यांतून रोज ०.८ मिलीग्रॅम झिजतंच. झाला रोजचा खर्च दोनच्या वर. आता जमा बघा. दिवसाला तीन ज्वारीच्या भाकरी, वरण, एक भाजी धरली तर पोटात १५ मिलीग्रॅमच्या आसपास लोह जातं. पण धान्या-डाळीतलं लोह आतडं फार तर पाच ते आठ टक्के उचलतं, म्हणजे रोजची जमा एक मिलीग्रॅम, फार झालं तर सव्वा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये बाईला रोज २९ मिलीग्रॅम लोह लागतं असं धरलंय, पुरुषाला १९. हा फरक पाळीचा आहे, आणि तो पाळी बेताची असलेल्या बाईसाठी काढलाय.

रक्तस्राव जास्त आहे हे ओळखायचं कसं? मापून कोणी बघत नाही. मी एवढंच विचारते: दर एक-दोन तासांनी पॅड किंवा कपडा बदलावा लागतो का, रात्री उठावं लागतं का, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात का, सात दिवसांपुढं चालतं का. यातलं एकही ‘हो’ असेल तर सोनोग्राफी आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. आणि हो, दुसऱ्या लेकराच्या वेळी तांबी बसवलीय का? तांबी चांगली सोय आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे, मी स्वतः शेकडो बसवल्यात. पण काही जणींचा रक्तस्राव तिने वाढतो, आणि हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊ असलेल्या बाईला ते परवडत नाही.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगते, कारण आपल्या जिल्ह्यांत ती सांगावीच लागते. रक्तस्राव जास्त म्हटलं की पहिला सल्ला ‘पिशवी काढून टाका’ असा येतो. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. काही जणींना ऑपरेशन खरंच लागतं, ते मी नाकारत नाही. पण रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे, नुसती गाठ काढता येते. छत्तिसाव्या वर्षी पिशवीसोबत बीजकोशही काढले तर हाडांचं कॅल्शियम भराभर जायला लागतं आणि पंचेचाळिशीत कंबर-गुडघे धरून बाई पुन्हा आमच्याकडं येते, या वेळी कॅल्शियमच्या गोळ्या मागायला. तेव्हा कोणी ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

आता दुसरी शंका, आणि ती तुमच्या रिपोर्टमध्येच लिहिलेली आहे. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० नॉर्मल, तुमचा ८६, म्हणून लॅबने काही खूण केली नाही. नुसत्या लोहाच्या कमतरतेने, तीही साडेआठपर्यंत आलेल्या, पेशी लहान व्हायला हव्या होत्या, बहुधा ८० च्या खाली. बी-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात. दोन्ही एकदम कमी असलं तर? पिशवीत लिंबं आणि नारळ टाकले आणि सरासरी काढली तर संत्र्याचा आकार येतो, पण पिशवीत संत्रं एकही नसतं. हा गोंधळ आरडीडब्ल्यू सांगतो. पेशींच्या आकारांत किती फरक आहे याचा तो आकडा, साधारण १४-१५ पर्यंत ठीक. तुमचा १९.५ आहे. त्यात जिभेची आग, पायाला मुंग्या, आणि माळकरी घर. बी-१२ तपासल्याशिवाय मी एक पाऊल पुढं जाणार नाही.

बी-१२ भाजीपाल्यात नाही, धान्यात नाही, कडधान्यात नाही. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातच मिळतं. माळ सोडा असं मी कोणाला म्हणत नाही, माझ्या आईच्या गळ्यातही तुळशीची माळ होती. पण मग दूध-दही-ताक तरी बाईच्या वाट्याला यायला हवं, आणि आपल्याकडं दूध पहाटे डेअरीवर जातं, उरलेलं लेकरांना, आणि बाईच्या वाट्याला येतो चहातला एक चमचा. रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम. दोन पेले दूध किंवा तेवढं दही घेतलं तर ती जवळपास भागते. मात्र एकदा साठा संपला की दुधाने भरून निघत नाही, त्याला इंजेक्शन किंवा जास्त डोसच्या गोळ्या लागतात.

घाई करते आहे याचं कारण वेगळं आहे. तुमच्या लाल गोळीत लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडही आहे. फॉलिक ॲसिड हे गुणी औषध, आणि त्याचा शोध आपल्याच मुंबईतून सुरू झाला. १९३० च्या सुमारास लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या पंडुरोगावर काम करत होत्या. यीस्टचा अर्क खाऊ घातला आणि बायका सुधारल्या, हे त्यांनी १९३१ मध्ये छापलं. त्या अर्कातला गुण पुढं फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. पण बी-१२ कमी असताना एकटं फॉलिक ॲसिड चालू राहिलं तर रक्त थोडं सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. मुंग्या येणाऱ्या बाईला म्हणून मी आधी बी-१२ चं रक्त काढून घेते आणि त्याच दिवशी उपचार सुरू करते. मल्टिव्हिटॅमिन चालू असताना तपासलं तर आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा प्रयोगशाळेत तसं सांगा.

तिसरी शंका गोळी घेण्याच्या पद्धतीची. मी समोर बसलेल्या बाईला ‘गोळ्या घेता का’ असं विचारत नाही, ‘कालची गोळी कधी आणि कशाबरोबर घेतली’ असं विचारते. दहापैकी सहा-सात जणी सांगतात, सकाळी चहाबरोबर. कोणी कॅल्शियमची आणि लोहाची एकदमच, म्हणजे विसरायला नको. चहातला तुरट अंश लोहाला धरून ठेवतो, आणि कॅल्शियम लोहाच्या आड येतं. तुम्ही मेडिकलमधून आणलेलं कॅल्शियम कधी घेता ते बघा. लोह सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्यानंतर तासाभराने, आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर, एवढी फारकत करा. मळमळत असेल तर लोह झोपताना घ्या. आणि महिनोन्महिने रोज ॲसिडिटीची गोळी घेत असाल तर तेही सांगा. तिने पोटातलं आम्ल घटतं, मग लोह आणि बी-१२ दोन्ही नीट शोषले जात नाहीत.

एक दिवसाआड गोळी घ्यावी का, हे हल्ली बरेच विचारतात. लोहाचा मोठा डोस घेतला की यकृतातून हेपसिडिन नावाचं द्रव्य वाढतं आणि ते दिवसभर आतड्याचं दार ओढून घेतं, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं कमी शिरतं. झुरिकच्या संशोधकांनी तरुण बायकांमध्ये हे दाखवलंय. पण त्या बायकांचं हिमोग्लोबिन तुमच्याइतकं खाली नव्हतं. माझी पद्धत अशी की साडेआठ-नऊला रोज एक देते, पोटाने कुरकुर केली तर एक दिवसाआड करते. दिवसाला दोन-तीन गोळ्या रेटण्यात मला फायदा दिसलेला नाही, बाया वैतागून सगळंच बंद करतात. हिमोग्लोबिन १२ वर आलं तरी पुढं तीन महिने चालू ठेवायचं, कारण अंगातल्या लोहाची तिजोरी नंतर भरते. गोळ्यांची पट्टी मात्र लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. लाल गोड गोळ्या लेकरं खाऊ समजून खातात आणि ते जिवावर बेतू शकतं.

गोळी जमतच नसेल किंवा रक्तस्राव मोठा असेल तर शिरेतून लोह देता येतं. त्याला घाबरायचं कारण नाही, मात्र ते दवाखान्यातच घ्यायचं. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं, जिना चढताना धाप लागायला लागली, छातीत धडधड वाढली, तर घरी बसून हा लेख वाचू नका, लगेच दाखवा.

आता ताटाबद्दल. बीट आणि डाळिंब खा, चव चांगली असते, पण ती रक्तासारखी लाल आहेत म्हणून रक्त वाढवतात हा निव्वळ रंगाचा खेळ आहे. डाळिंबात लोह जवळजवळ नाहीच, १०० ग्रॅमला एक मिलीग्रॅमही नाही. शंभर-दीडशे रुपये किलोच्या डाळिंबापेक्षा आपल्या बांधावरची करडईची, अंबाडीची, तांदुळजाची भाजी कितीतरी सरस. अळीव त्याहून वर, पण आपण ते बाळंतिणीपुरतंच ठेवलंय, एरवी बाईला कोणी देत नाही. रोज एक चमचा भिजवून दुधात किंवा लाडूत घ्यायला हरकत नाही, फक्त गरोदर असताना डॉक्टरला विचारून. कारळाची, जवसाची, तिळाची चटणी तर आपल्याकडं असतेच. ती चिमूटभर तोंडी लावू नका, दोन चमचे वाढून घ्या.

अंबाडी लोखंडी कढईत शिजवली की काळी पडते, आणि नव्या सुना म्हणून ती जर्मनच्या पातेल्यात करतात. तो काळेपणा म्हणजेच कढईतून भाजीत उतरलेलं लोह. आंबट भाजीत ते जास्त उतरतं. आजीच्या हातची कढई माळ्यावर असेल तर खाली काढा. भाकरीसोबत लिंबाची फोड, जेवणानंतर पेरू किंवा आवळा ठेवला तर धान्यातलं लोह उचलायला मदत होते. मोड आणलेली मटकी-मूग साध्यापेक्षा बरी, कारण मोड आले की लोहाला बांधून ठेवणारं फायटेट कमी होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ नावाचा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये आणलाय, त्यात किलोला ४५ मिलीग्रॅमच्या आसपास लोह आहे, नेहमीच्या ज्वारीत ३० च्या जवळपास. घरची शेती आहे म्हणून सांगितलं. खायच्या पुरत्या दोन गुंठ्यांत पेरून बघायला काय हरकत आहे? बाजारात भाव काय येईल ते मला विचारू नका.

आणि उपवास. चतुर्थी, एकादशी, मंगळवार, शुक्रवार धरले तर काही जणी महिन्यातले दहा दिवस साबुदाण्यावर आणि चहावर काढतात. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात लोह नाही, प्रथिनं नाहीत. उपवास मोडा असं म्हणत नाही. राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, शेंगदाणे, दही घ्या. राजगिऱ्यात लोहही आहे आणि कॅल्शियमही, आणि देवालाही तो चालतो.

‘डी’ची पुडी आणि मल्टिव्हिटॅमिन यांबद्दल थोडक्यात. साठ हजार युनिटची ती पुडी आठवड्याला एक अशी साधारण आठ आठवडे असते, तीही गरज असेल तर. माझ्याकडं एक बाई वर्षभर दर रविवारी घेत होत्या, कोणी थांबवायला सांगितलंच नाही. रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या आणि मूतखडा घेऊन आल्या. तुम्ही रानात दुपारी काम करत असाल तर उन्हाने बरंच काम होतं, सकाळी सातच्या कोवळ्या उन्हाने मात्र फारसं होत नाही. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत सगळं थोडं थोडं असतं, आणि तुम्हाला ज्याची खरी तूट आहे ते त्यात पुरेसं नसतं. ते सध्या बंद करा, वाचलेल्या पैशांत खालच्या तपासण्या होतील.

तालुक्याला जाल तेव्हा फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइड एवढ्या तीन करा. फेरिटिन म्हणजे लोहाची तिजोरी. ते १५ च्या खाली आलं तर तूट नक्की, पण ताप किंवा सूज असताना ते खोटंच वर दिसतं, तेव्हा आजारी असताना करू नका. फेरिटिन चांगलं आणि हिमोग्लोबिन तरी कमी असं निघालं तर एचपीएलसी ही रक्ताची तपासणी करून थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा अंश बघावा लागतो, मग लोहाच्या गोळ्यांचा उपयोगच नसतो. अनवाणी रानात जात असाल तर ४०० मिलीग्रॅमची एक अल्बेंडाझोल ही जंताची गोळी घ्या, गरोदर नसल्याची खात्री करून. हुककृमी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो.

आणि तपासण्यांच्या आधी, आजपासूनच, घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथं दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकोनात, पाळीचा दिवस आणि त्या दिवशी किती पॅड लागले तो आकडा लिहा. दोन महिने. मग त्या पानांचा फोटो आणि तिन्ही रिपोर्ट सोबत पाठवा.